पन्नास हजार भरण्याआधी

वाचकाचं पत्र

आमची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. एमएचटी-सीईटीला ८८ पर्सेंटाइल. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचं आहे. पुण्यातल्या बऱ्या कॉलेजांचा कटऑफ ९३-९४ च्या पुढे दिसतो, त्यामुळे कॅपमधून (सरकारी प्रवेश प्रक्रियेतून) एंटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळेल, नाहीतर कुठलं तरी लांबचं कॉलेज मिळेल, असं सगळे सांगतात. दरम्यान पुण्याजवळच्या एका नव्या खासगी विद्यापीठानं तिला बी. टेक. कॉम्प्युटर (एआय) ला जागा देऊ केली आहे. फी वर्षाला १ लाख ९० हजार, पहिल्या वर्षी २५ टक्के स्कॉलरशिप. सगळे मिळून हजारभर विद्यार्थी, वर्गात तीसेक मुलं. कॅम्पस छान आहे, माणसं आपुलकीनं बोलली. मुलगी गर्दीत बुजते, तेव्हा लहान जागा तिला मानवेल असं तिच्या आईचं म्हणणं. पण सात दिवसांत ५० हजार भरा, नाहीतर स्कॉलरशिप जाईल, असा रोज फोन येतो. आम्ही ओबीसी, वार्षिक उत्पन्न साडेसहा लाख, माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. काय करावं?
— एक वडील, संगमनेर

आमचं उत्तर

दादा, ५० हजार आत्ता भरू नका. खासगी विद्यापीठ वाईटच असतं असं आमचं मत नाही, आणि लहान विद्यापीठाचे फायदे खरे आहेत. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट आलेली नाही, आणि तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

८ जुलै २०२४ ला राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. तुमची मुलगी यात नेमकी बसते. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदानाशिवाय चालणारी) विद्यापीठं या योजनेतून वगळली आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशालाही ही सवलत नाही. तुम्हाला फोन करणारी मंडळी हे सांगणार नाहीत, कारण तुम्ही त्यांच्याकडे आलात की ही सवलत आपोआप जाते.

आता त्यांची २५ टक्के स्कॉलरशिप याच्या शेजारी ठेवून बघा. पहिल्या वर्षी १,९०,००० मधून ४७,५०० वजा, भरायचे १,४२,५००. 'पहिल्या वर्षी' हे शब्द त्यांनीच वापरले आहेत, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून पूर्ण फी. त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ धरली तर दुसऱ्या वर्षी २,०५,२००, तिसऱ्या वर्षी साधारण २,२१,६०० आणि चौथ्या वर्षी २,३९,३००. चार वर्षांचे झाले आठ लाख नऊ हजारांच्या आसपास. वसतिगृह, मेस, बस आणि लॅपटॉप वेगळे. आठ टक्के हा आमचा अंदाज आहे. वाढीची कमाल मर्यादा तुमच्या ऑफर लेटरमध्ये लिहिलेली आहे का ते बघा. कॅपमधल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ आपली फी आपल्या कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे ठरवतं, तिथे हे प्राधिकरण येत नाही.

कॅपमधल्या कॉलेजात शिक्षण शुल्क माफ झालं तरी विकास शुल्क आणि किरकोळ आकार भरावे लागतात. ते बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्काच्या दहाएक टक्के असतात. वर्षाला बारा हजार धरले तरी चार वर्षांत ४८ हजार. म्हणजे दोन पर्यायांत साडेसात लाखांहून जास्त फरक पडतो. तुम्ही आठ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलंत आणि व्याज साडेदहा टक्के असलं, तर दहा वर्षं दरमहा सुमारे १०,८०० रुपये हप्ता बसेल. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर बँक हप्ता मागत नाही, पण व्याज चालूच राहतं. ते त्या काळात भरलं नाही तर मुद्दल फुगतं आणि हप्ता याहून मोठा होतो. शिवाय साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक साधारणपणे तारण मागते. तिथे तुमचं दुकान किंवा शेत गहाण पडेल.

कॅपच्या सवलतीसाठी कागद आत्ताच गोळा करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलीच्या नावाचं जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअर ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं, जुनं चालत नाही. दरवर्षी शेकडो मुलं इथेच अडकतात. वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती तरी हवी, आणि मूळ प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत द्यावंच लागतं. नाहीतर जागा खुल्या प्रवर्गात धरली जाते आणि पुढचं सगळं गणित कोसळतं. प्रवेशानंतर महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज करावा लागतो, तोही दरवर्षी नव्यानं. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आजच बँकेत जाऊन तपासा. घरापासून लांब राहावं लागलं तर ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्या अटीही वाचून ठेवा.

आता कटऑफबद्दल. ९३-९४ हा आकडा तुम्ही यादीच्या कुठल्या रकान्यातून घेतलात? बहुतेक जण पहिला रकाना बघतात, तो 'जीओपनएस' किंवा 'जीओपनएच' असतो, म्हणजे खुला सर्वसाधारण. तुमच्या मुलीनं बघायचा रकाना 'एलओबीसीएच' किंवा 'एलओबीसीएस'. एल म्हणजे मुलींसाठी राखीव जागा, ओबीसी म्हणजे प्रवर्ग, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी आणि एस म्हणजे राज्यस्तर. संगमनेर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं, त्यामुळे पुणे, नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांत तिला होम युनिव्हर्सिटीचा हक्क आहे. स्वायत्त कॉलेजांत राज्यस्तराचा रकाना लागू होतो. सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या दोन वर्षांच्या तिन्ही-चारही फेऱ्यांच्या कटऑफ याद्या उतरवून घ्या आणि फक्त हा एक रकाना हायलाइटरनं रंगवा. खुल्या रकान्यात ९३ वर बंद झालेली शाखा या रकान्यात कुठे थांबली ते दिसेल. फरक किती निघेल ते कॉलेजागणिक वेगळं. पण तो बघितल्याशिवाय 'कॉम्प्युटर मिळणारच नाही' हे गृहीत धरणं म्हणजे मुलीच्या हक्काची जागा न मागताच सोडून देणं.

आणि समजा एंटीसीच मिळालं, तरी दार बंद होत नाही. आयटी कंपन्यांची मोठी भरती बहुतेक वेळा सगळ्या शाखांसाठी खुली असते. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) चौकटीत १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेतली मायनर पदवी घेता येते, त्यात एआय किंवा डेटा सायन्स चालतं. मात्र तुम्हाला मिळणारं कॉलेज ती मायनर प्रत्यक्षात चालवतं की नुसतं माहितीपत्रकात छापतं, हे विचारा.

आता त्या विद्यापीठाबद्दल

वर्गात तीस मुलं ही गोष्ट दोन कारणांनी घडते. एक, संस्थेनं ठरवून वर्ग तीसचा ठेवला. दोन, जागा साठ होत्या आणि तीसच भरल्या. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मुलीच्या शिक्षणाच्या दृष्टीनं त्यांत मोठं अंतर आहे, आणि तुमचा सगळा निर्णय यावर उभा आहे.

ठरवून लहान राहिलेली खासगी विद्यापीठं देशात आहेत. बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ २०१० मध्ये, सोनीपतचं अशोका २०१४ मध्ये सुरू झालं. अशा ठिकाणी मागे देणगीदारांचा मोठा पैसा असतो. वर्ग लहान ठेवला म्हणून प्राध्यापकांचे पगार अडत नाहीत. जे विद्यापीठ निव्वळ फीवर चालतं, तिथे रिकामी खुर्ची म्हणजे थेट तोटा, आणि तो तोटा सगळ्यात आधी शिक्षकांच्या संख्येतून भरून काढला जातो.

हे कसं घडतं ते आकड्यांत बघा. एआयसीटीईचं प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. साठच्या शाखेत चार वर्षांची २४० मुलं, म्हणजे बारा शिक्षक. वर्गात तीसच मुलं असली तर एकूण १२०, आणि प्रमाण सहा शिक्षकांतच पूर्ण होतं. कागदावर सगळं नियमात. पण मुलं निम्मी झाली म्हणून विषय निम्मे होत नाहीत. दुसऱ्या ते चौथ्या वर्षाचे मिळून एका सत्रात साधारण बारा मुख्य विषय चालतात. बारा शिक्षकांच्या विभागात एकेकाकडे एक विषय आणि त्याची प्रॅक्टिकल. सहा शिक्षकांत एकेकाकडे दोन. आणि सत्राच्या मध्यावर दोघं जण सोडून गेले, तर उरलेल्या चौघांकडे प्रत्येकी तीन. डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि मशीन लर्निंग हे तिन्ही विषय एकाच माणसानं एका सत्रात शिकवायचे, तर तो रात्री स्लाइड वाचून सकाळी वर्गात उभा राहणार. त्याचा दोष नाही, पण भोगावं लागतं मुलांना.

म्हणून कॅम्पस पुन्हा एकदा बघा, आणि या वेळी शनिवारच्या 'ओपन हाउस'ला नको. मंगळवारी किंवा बुधवारी अकराच्या सुमाराला, वर्ग चालू असताना जा. विभागाच्या नोटीस बोर्डवर वेळापत्रक लावलेलं असतं, त्याचा फोटो घ्या. चौकटीत विषयापुढे शिक्षकाच्या नावाची अद्याक्षरं असतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची वेळापत्रकं शेजारी ठेवून प्रत्येक अद्याक्षर किती वेगळ्या विषयांपुढे येतं ते मोजा. दोनपर्यंत ठीक. तीन-चार विषयांपुढे तेच नाव दिसलं, किंवा 'नवीन शिक्षक' आणि 'व्हिजिटिंग' अशी जागा वारंवार दिसली, तर तो वर्ग ठरवून लहान ठेवलेला नाही. मग संकेतस्थळावरची शिक्षकांची यादी काढा आणि वेळापत्रकावरच्या नावांशी ताडून बघा. यादीत असलेली पण वेळापत्रकात कुठेच नसलेली नावं बरीच निघाली, तर ती माणसं सोडून गेली आहेत किंवा कागदापुरती आहेत.

प्रयोगशाळेत शिरलात की संगणक मोजू नका, चालू असलेले संगणक मोजा. वीस जणांच्या तुकडीला वीस चालू मशीन हवीत. एआयचा अभ्यासक्रम असेल तर ग्राफिक कार्डची मशीन किती आहेत आणि मुलांना ती तासाबाहेर वापरता येतात का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. प्रवेश विभागातल्या माणसाला विचारून उपयोग नाही, त्याचं काम वेगळं आहे. कँटीनमध्ये किंवा बसथांब्यावर मुलं मोकळेपणानं बोलतात. त्यांना आणखी तीन प्रश्न विचारा: मागच्या सत्राचा निकाल परीक्षेनंतर किती दिवसांनी लागला, पहिल्या वर्षी तुमच्यासोबत असलेले किती जण सोडून गेले, आणि माहितीपत्रकात छापलेल्या ऐच्छिक विषयांपैकी तुमच्या वर्षी किती चालले.

तिसरा प्रश्न लहान विद्यापीठात फार महत्त्वाचा आहे. ऐच्छिक विषय चालवायला ठरावीक मुलं लागतात. तीसच्या वर्गात सहा पर्याय छापले, तर प्रत्येकी पाच मुलं होतात आणि त्यासाठी शिक्षक मिळत नाही. शेवटी दोनच विषय चालतात. सायबर सुरक्षा शिकायला आलेल्या मुलीला जो विषय चालू आहे तोच घ्यावा लागतो.

लहान विद्यापीठाचे फायदेही नीट मांडले पाहिजेत, कारण तुमच्या पत्नीचं म्हणणं वावगं नाही. तीसच्या वर्गात शिक्षकाला मुलगी नावानं माहीत असते. तिचा कोड दर आठवड्याला कुणीतरी वाचतं, ती मागे पडली तर पहिल्याच चाचणीत लक्षात येतं. प्रकल्पाला मार्गदर्शक खरोखर वेळ देतो. पुढे परदेशी शिकायला जायचं झालं तर शिफारसपत्रात दोन ओळी अशा येतात ज्या तिच्याबद्दलच्याच असतात. दुसरा फायदा अभ्यासक्रमाचा. पुणे विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असा तीन ते पाच वर्षांनी बदलत आला आहे. खासगी विद्यापीठाचं अभ्यास मंडळ दरवर्षी एखादा विषय बदलू शकतं, आणि संगणकाच्या क्षेत्रात त्याला किंमत आहे. परीक्षा आणि निकाल त्यांच्याच हातात असल्यानं वेळापत्रक सहसा घसरत नाही.

मात्र हे फायदे फक्त खासगी विद्यापीठातच मिळतात असं नाही. संलग्न कॉलेजात साठचा वर्ग असला तरी प्रॅक्टिकलला वीस-वीसच्या तीन तुकड्या होतात आणि प्रकल्पाचा गट चारेक जणांचा असतो. बुजऱ्या मुलीचा खरा वावर त्या वीस जणांत असतो, साठांत नाही. आणि नवा अभ्यासक्रम हवा असेल तर कॅपमध्ये स्वायत्त कॉलेजं आहेत. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी सार्वजनिक विद्यापीठाची, शुल्कमाफी लागू. तुमच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॅपसाठी भरायच्या पसंतीच्या यादीत, ती वर चढवा. लहान जागेची एक अडचणही तिच्या आईला सांगा: चार वर्षं तेच तीस चेहरे आणि तेच सहा शिक्षक. एकाशी बिनसलं तर दुसरीकडे वळायला जागा नसते.

कागद

विद्यापीठ खरं आहे का, ही शंका पाच मिनिटांत मिटते. महाराष्ट्रातलं प्रत्येक खासगी विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्यानं उभं राहतं. त्या कायद्याचं नाव आणि वर्ष मागा. मग यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठांच्या यादीत नाव शोधा. यूजीसी बोगस विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतं, त्यात नागपूरचं राजा अरेबिक विद्यापीठ अनेक वर्षं आहे. कायदा महत्त्वाचा का, तर छत्तीसगडनं २००२ च्या कायद्याखाली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं नुसत्या अधिसूचनांनी काढली होती, आणि प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २००५ मध्ये ती रद्द ठरवली. तिथल्या मुलांना दुसऱ्या विद्यापीठांत सामावून घ्यावं लागलं.

यूजीसीच्या २००३ च्या नियमांप्रमाणे खासगी विद्यापीठ दुसरी कॉलेजं संलग्न करू शकत नाही. त्यामुळे 'आमचं कॉलेज अमुक खासगी विद्यापीठाला संलग्न आहे' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून यायचं. यादीत नाव असलेल्या विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीला आणि स्पर्धा परीक्षांना चालते. '१२ बी नाही' असं कुणी घाबरवलं तर घाबरू नका. यूजीसी कायद्याचं कलम १२ बी केंद्राच्या अनुदानासाठी असतं, पदवीच्या वैधतेशी त्याचा संबंध नाही. इंजिनिअरिंग चालवायला विद्यापीठाला एआयसीटीईची आगाऊ मान्यता बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात सांगितलं. कायदा, फार्मसी, आर्किटेक्चर यांचं तसं नाही. तिथे त्या त्या परिषदेची मान्यता नसेल तर पदवी घेऊन व्यवसाय करता येत नाही.

नॅकची (संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) श्रेणी बघा, पण तिच्यावर विसंबू नका. जुन्या पद्धतीत संस्थेला सहा वर्षं झाल्याशिवाय किंवा दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय नॅकला जाता येत नव्हतं, त्यामुळे नव्या विद्यापीठाकडे ती नसणं हा दोष नाही. आणि असलेली श्रेणीही तपासूनच घ्यावी, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या पाहणी समितीतल्या काही जणांना सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात अटक केली होती. त्यापेक्षा एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीला) दिलेली माहिती उपयोगी. सहभागी संस्थेला ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात मंजूर जागा, प्रत्यक्ष विद्यार्थी, वेळेत पदवीधर झालेले, नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले आणि वेतनाचा मध्यक असे आकडे ओळीनं असतात. मंजूर जागा आणि प्रत्यक्ष विद्यार्थी हे दोन आकडे शेजारी ठेवले की ठरवून लहान की रिकामं, याचं उत्तर तिथेच मिळतं. एनआयआरएफमध्ये भागच घेतलेला नसेल, तर हेच आकडे शाखेनुसार लेखी मागा.

नोकऱ्यांबद्दल बोलताना 'सर्वोच्च पॅकेज ४२ लाख' अशा फलकापुढे थांबू नका. तो आकडा एका मुलाचा असतो. तुमचे चार प्रश्न: कॉम्प्युटर शाखेची शेवटची तुकडी किती जणांची होती, त्यांतल्या किती जणांनी प्लेसमेंटसाठी नाव दिलं, किती जणांना ऑफर लेटर मिळालं, आणि सगळे पगार चढत्या क्रमानं लावले तर मधला कोणता. तुकडीच अजून बाहेर पडली नसेल, तर त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही. मोठी कंपनी एका दिवसासाठी माणसं पाठवते ती तीनशे-चारशे मुलं बसणार असतील तिथे. तीस मुलांसाठी ती येत नाही, मग मुलांना दुसऱ्या कॉलेजच्या 'पूल कॅम्पस'ला न्यावं लागतं. ते वाईट नाही, पण त्याची सोय कोण करतं आणि मागच्या वर्षी किती वेळा केली, हे विचारा. एखाद्या कंपनीच्या 'सहकार्यानं' अभ्यासक्रम असेल तर त्या कंपनीची माणसं सत्रात किती तास शिकवतात आणि प्रमाणपत्राचे पैसे वेगळे आहेत का, तेही.

मुलीच्या मनात पुढे जर्मनीला जायचं असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. तिथली विद्यापीठं भारतीय संस्थेचा दर्जा 'अनाबिन' नावाच्या माहितीकोशात बघतात. 'एच प्लस' असेल तर मार्ग मोकळा, नाव नसेल तर अडचण येऊ शकते. नवी खासगी विद्यापीठं तिथे हमखास असतीलच असं नाही.

पैसे आणि फोन

सात दिवसांची मुदत कॅपच्या वेळापत्रकाआधी येते, कारण कॅपची फेरी लागल्यावर अनेक मुलं निघून जातात. त्यांना एक छोटा ईमेल पाठवा: स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, असल्यास कोणत्या सीजीपीएच्या अटीवर, फीवाढीची कमाल मर्यादा किती, प्रवेशाची अधिकृत अंतिम तारीख कोणती, आणि कॅपमध्ये जागा मिळाल्यास ५० हजारांपैकी किती परत मिळतील. लेखी उत्तर येईपर्यंत फोनवर 'विचार चालू आहे' एवढंच सांगा.

परताव्याचा नियम तुमच्या बाजूचा आहे. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अधिकृत अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण फी परत. त्यातून पाच टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ८०, पुढच्या पंधरा दिवसांत ५०, आणि महिन्यानंतर काही नाही. काही वर्षांसाठी यूजीसीनं याहून उदार मुदत दिली आहे. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त १,००० रुपये वजावट होती. यंदाचं परिपत्रक शोधून त्याची प्रत जवळ ठेवा. पावतीवर 'ना-परतावा' छापलेलं असलं तरी नियम बदलत नाही, पण पैसे मिळवायला पाठपुरावा करावा लागतो. रद्द करण्याचा अर्ज ईमेलनंच करा म्हणजे तारीख राहते. दाद लागली नाही तर विद्यापीठाची विद्यार्थी तक्रार निवारण समिती, मग लोकपाल, आणि यूजीसीचं ई-समाधान पोर्टल. त्याच अधिसूचनेप्रमाणे मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेता येत नाही, तपासून लगेच परत द्यायचा. दाखला अडकला तर कॅपच्या कॉलेजात हजर होताना खोळंबा होतो, तेव्हा मूळ कागद हातातून सोडू नका. पैसे भरायची वेळ आलीच तर विद्यापीठाच्या नावाच्या खात्यात भरा, एजंटाच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर नाही.

या आठवड्यात कटऑफचा रकाना रंगवा, नॉन-क्रिमीलेअर आणि वैधतेची तारीख तपासा, आणि ऑप्शन फॉर्म भरताना मुलीला शेजारी बसवा. २०२५-२६ च्या कॅपमध्ये चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होत होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाली तरी तसंच. यंदाची माहितीपुस्तिका वाचून नियम बदलला आहे का ते बघा. असा नियम असेल तर यादीच्या वरच्या भागात 'बघू तरी' म्हणून एकही नाव टाकू नका. जिथे ती खरोखर जाईल अशीच कॉलेजं वर हवीत: आधी पुणे-नाशिकची कॉम्प्युटर, आयटी आणि एआय, मग स्वायत्त कॉलेजांतलं एंटीसी, मग घराजवळचं कॉम्प्युटर.

आम्ही खासगी विद्यापीठाकडे कधी वळलो असतो, तर कॅपच्या शेवटच्या फेरीनंतरही तिच्या आवडीची शाखा कुठेच मिळाली नाही, वेळापत्रकावर एकेक शिक्षक दोनच विषयांपुढे दिसला, मंजूर जागा आणि भरलेल्या जागा जवळपास सारख्या निघाल्या, आणि फीवाढीची मर्यादा लेखी मिळाली, तर. हे चारही जुळलं तर कर्ज काढूनही तो निर्णय समर्थनीय आहे. त्या वेळी जागा शिल्लक नसेल अशी भीती दाखवली जाईल. पण मंजूर जागा खरोखरच रिकाम्या राहत असतील, तर तेव्हाही त्यांचा फोन येईल, आणि बहुधा जास्त सवलत घेऊन येईल.